हितकारिणी सभेची हॉकी आणि आमच्या मुलांचे मैदान

"बाबासाहेबांनी आपल्या हातात पुस्तक दिले, बॅट नाही." वस्तीतल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर मोफत खेळवर्ग चालवावा, अशी गोष्ट बैठकीत निघाली की कुणी ना कुणी हे वाक्य बोलतोच. बोलणारा आपलाच माणूस असतो. त्याचा हेतूही वाईट नसतो. शिकल्यामुळेच आपली एक पिढी गावकीच्या कामातून आणि हमालीतून बाहेर आली, हे त्याने घरात पाहिलेले असते. पोरगा मैदानावर रमला की दहावीला आपटणार, ही त्याची भीती असते. खेळ हे भरल्या पोटाचे काम, ही समजूत त्यातूनच आलेली आहे.

आम्हाला या वाक्याशी वाद घालायचा आहे, आणि तो इतिहासाच्या आधारे घालायचा आहे. कारण बाबासाहेबांच्या पहिल्या संघटनेचा इतिहास नेमका याच्या उलट सांगतो.

वसतिगृह, वाचनालय आणि हॉकी

९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी बैठक बोलावली आणि त्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेची उद्दिष्टे आपल्याला पाठ आहेत. वसतिगृहे काढणे, वाचनालये आणि अभ्यासमंडळे चालवणे, आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी औद्योगिक आणि शेतकी शाळा काढणे, बहिष्कृत वर्गाची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणे. १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. मुंबईत मोफत वाचनालय उघडले.

या यादीतले एक काम मात्र आपण भाषणांत सांगत नाही. सभेने मुंबईत महार हॉकी क्लब चालवला. तरुणांना जुगार, दारू आणि तशाच इतर नादांपासून वळवून निरोगी करमणुकीकडे आणावे, हा त्यामागचा उद्देश होता.

या तीन कामांची सांगड नीट पाहा. वसतिगृह मुलाची राहण्या-जेवण्याची सोय लावते. वाचनालय त्याच्या डोक्याला खाद्य देते. आणि हॉकी क्लब त्याची संध्याकाळ सांभाळतो. गिरणगावातल्या चाळींत एका खोलीत आठ-दहा माणसे राहत. पाळी संपल्यावर तरुणाला घरात बसायला जागा नव्हती. बाहेर पडले की गुत्ता, पत्त्यांचा अड्डा आणि सावकाराचा माणूस. बाबासाहेब स्वतः परळच्या चाळीत राहिले होते. शाळा आणि काम संपल्यावर झोपेपर्यंतचे जे तास उरतात, ते कुणाच्या ताब्यात जातात यावर माणसाचे बरेच काही ठरते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

ज्या दामोदर हॉलमध्ये ही सभा जन्मली, तो ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या कामाशी जोडलेला होता. लीग कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालये आणि व्यायामशाळा चालवत होती. म्हणजे कामगारांच्या मुलांसाठी शाळेबाहेरच्या वेळेत मोफत खेळ आणि व्यायाम हा विचार मुंबईत तेव्हा नवा नव्हता. बाबासाहेबांच्या सभेने त्यात एक गोष्ट बदलली. लीगच्या कामात दुसऱ्यांनी आपल्यासाठी काही करायचे होते. सभेच्या क्लबात आपणच आपल्यासाठी करायचे होते. पुढे महाडच्या सत्याग्रहाच्या काळात समता सैनिक दल उभे राहिले. शिस्तीने रांगेत उभे राहणारे तरुण काही एका दिवसात आकाशातून पडले नाहीत. वस्त्या-वस्त्यांतले आखाडे, लेझीम पथके आणि क्लब यांतूनच अशी माणसे घडत होती.

तालीम आणि शाळा

आणखी मागे जाऊ. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. मांग समाजातल्या या वस्तादाकडे जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. पुढे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा याच लहुजींनी महार-मांगांच्या वस्त्यांत फिरून मुले शाळेत आणली. १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे त्यांच्याच नात्यातली.

पालकांनी मुले कुणाच्या शब्दावर शाळेत पाठवली? सरकारच्या हुकमावर पाठवली नाहीत. ज्या वस्तादाला वस्ती ओळखत होती, ज्याच्या हाताखाली घरातली तरुण मुले घाम गाळत होती, त्याच्या शब्दावर पाठवली. शाळेला लागणारा विश्वास तालमीत तयार झाला होता. आज समाजकार्याच्या वर्गात याला समुदायाचा सहभाग असे भारदस्त नाव आहे. लहुजींनी ते दीडशे वर्षांपूर्वी लाल मातीत करून दाखवले.

मैदानाची मालकी

मैदान कुणाचे, हा प्रश्न मुंबईत उघडपणे पहिल्यांदा १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला पेटला. १८७५ मध्ये गोऱ्यांनी बॉम्बे जिमखाना स्थापन केला होता. त्यांचे साहेब एस्प्लनेडच्या मैदानावर घोडे घालून पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या त्याच जमिनीवर पारशी आणि इतर देशी मुले क्रिकेट खेळत. देशी खेळाडूंनी अर्जावर अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी या लढ्याचा वृत्तांत १८९७ मध्ये पुस्तकरूपाने छापला. पुढे सरकारने समुद्रकिनारी जमिनी दिल्या आणि पारशी, इस्लाम, हिंदू असे धर्मवार जिमखाने उभे राहिले.

साहेबाने मैदान अडवले तेव्हा देशी लोक भांडले. पण हिंदूंना मैदान मिळाल्यावर त्या मैदानावर हिंदूंमधले सगळे आले का? याचे उत्तर पळवणकर बाळू यांच्या आयुष्यात आहे.

बाळू चांभार कुटुंबातले, मूळ कोकणातल्या पळवणचे. पुण्यात पारशांच्या क्लबावर ते महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडत आणि लोळवत. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबवर चार रुपये मिळू लागले. तिथे कॅप्टन ग्रेग या नामांकित फलंदाजाला ते तासन्‌तास गोलंदाजी करत. त्यातूनच त्यांची डावखुरी फिरकी घडली. पण त्या नेटमध्ये एकदाही त्यांना बॅट धरू दिली नाही. चेंडू टाकणे हे नोकराचे काम, फलंदाजी साहेबाची. हिंदू क्लबने त्यांना संघात घेतले, कारण साहेबांना हरवायचे होते. पण चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, हातात मातीचे वेगळे भांडे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांना डावलले गेले, तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. हा क्रिकेटच्या मैदानावरचा जातिविरोधी बहिष्कार होता. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. कौशल्य बाळूंकडे आधीही होते. दार उघडले ते भावांनी मिळून नकार दिल्यावर.

या कथेचा पुढचा भागही सांगायला हवा. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. खेळातला मोठा माणूस आपल्या चळवळीच्या बाजूनेच उभा राहील, असे नसते. दुसरीकडे जयपालसिंग मुंडा पाहा. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या हॉकी संघाचा हा आदिवासी कर्णधार पुढे संविधान सभेत आदिवासींच्या हक्कांसाठी ठामपणे बोलला. म्हणून खेळ मुलाला आपोआप जागृत करतो, असा भाबडा दावा आम्ही करत नाही. हितकारिणी सभेने हॉकीच्या जोडीला वाचनालय ठेवले होते, याचा अर्थ इथे कळतो.

ठराव झाला, पाणी मिळाले नाही

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर जाईपर्यंत एकाही अस्पृश्याने त्या पाण्याला हात लावला नव्हता.

सार्वजनिक मैदानाचे आज असेच झाले आहे. बोर्डावर महापालिकेचे नाव असते. 'सर्वांसाठी खुले' असेही असते. पण आत पाऊल टाकायला काय काय लागते, ते मोजा. अकादमीची महिन्याची फी, बूट, ट्रॅकसूट, स्पर्धेची प्रवेश फी, जन्मदाखला, जायला-यायला रिक्षाचे पैसे, आणि मुलाला आणायला-सोडायला मोकळा असलेला आई किंवा बाप. यातले एक जरी नसले तरी मूल कुंपणाबाहेर. जात कुणी विचारत नाही. विचारायची गरजच उरत नाही. बोलेंचा ठराव आणि महाडचे पाणी यांत जे अंतर होते, तेच मैदानाचा बोर्ड आणि वस्तीतले मूल यांत आहे.

शासनाचे नियम कागदावर चांगले आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान आणि खेळाचे साहित्य बंधनकारक आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. पण त्या प्रमाणपत्रापर्यंत कोण पोहोचते? ज्याला दहाव्या वर्षी मैदान मिळाले, तोच. आपल्या मुलांना आरक्षणाचा कायदा माहीत असतो, पण त्या रांगेत उभे राहण्याचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे नसते.

नागपाडा, नागपूर, कफ परेड, गोवंडी

मोफत खेळवर्गाने कुटुंबाला नेमके काय मिळते, हे बघायला फार लांब जायला नको.

१९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्याच्या दाट कामगार वस्तीत नेबरहूड हाउस सुरू केले. १९३६ मध्ये त्याच जागेत समाजकार्याची टाटा शाळा सुरू झाली, जिला आज आपण टिस म्हणतो. देशातले समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण वस्तीच्या अशा केंद्राच्या आश्रयाने जन्मले. नागपाड्याचे नाव आजही बास्केटबॉलशी जोडलेले आहे.

नागपुरात २००१ मध्ये क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली मुले पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली आणि त्यांच्या हाती फुटबॉल दिला. त्यातून 'स्लम सॉकर' उभे राहिले आणि २०१६ मध्ये फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार या कामाला मिळाला. नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये त्यावर 'झुंड' काढला. त्या पडद्यावर वस्तीची भीमजयंती दिसली आणि आपल्या पोरांनी थिएटरात शिट्ट्या मारल्या, ते काही उगाच नाही.

कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी २००६ मध्ये वस्तीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. पुढे ती ऑस्कर फाउंडेशन ही संस्था झाली. तिची अट साधी आहे: शाळेत जाणार नाही त्याला फुटबॉल नाही. या एका अटीने "आधी अभ्यास की आधी खेळ" हे भांडणच मिटते. मूल शाळेला दांडी मारते तेव्हा साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाच्या लक्षात यायला महिना जातो. मैदानावर संघात एक जण कमी पडला की त्याच संध्याकाळी कळते, आणि प्रशिक्षक त्याच्या घरी जातो.

गोवंडीच्या शिवाजीनगरात 'अपनालय' आणि आयसीआरडब्ल्यू या संस्थांनी किशोरी मुलींसाठी कबड्डीचा कार्यक्रम चालवला. कबड्डीला ना बॅट लागते ना जाळी. पण मुलीला घराबाहेर, पुरुषांच्या नजरेसमोर, मैदानावर येण्यासाठी घरातून परवानगी लागते. ती परवानगी मिळवताना आईशी, बापाशी, भावाशी जे बोलणे होते, तोच या कामाचा अर्धा भाग. मुलगी संध्याकाळी पाचला कुठे जाते, या प्रश्नाला घराने मान्य केलेले उत्तर असणे ही गरीब वस्तीत लहान गोष्ट नाही.

कल्याणमध्ये काय

आता आमच्या गावाकडे येऊ. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला आली आणि हे बंदराचे गाव जंक्शनचे झाले. आज इथला कष्टकरी माणूस गाडीच्या वेळापत्रकावर जगतो. पहाटेची लोकल पकडून निघालेला बाप रात्री आठ-नऊला परततो. आई दोन-तीन घरची धुणी-भांडी करून, नाहीतर कंपनीतली पाळी करून दमून येते. महापालिकेच्या शाळा बऱ्याच ठिकाणी दोन अधिवेशनांत भरतात. सकाळचे मूल दुपारी मोकळे होते आणि पुढचे सात-आठ तास त्याचे कुणी नसते. कोळसेवाडी असो, वालधुनी असो, रुळांच्या कडेची कुठलीही वस्ती असो, त्या तासांवर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत: मोबाइलवरचा जुगार, गुटख्याची पुडी, व्हाइटनर आणि सोल्युशनची नशा, आणि दादा लोकांची बाइक. हितकारिणी सभेने जुगार आणि दारू ही नावे लिहिली होती. शंभर वर्षांनी फक्त त्यात भर पडली आहे.

आम्ही वस्तीत अभ्यासिकेचे काम करतो तेव्हा आयांशी बोलणे होते. त्यांच्या तोंडी पदकाची भाषा नसते. "पाच ते सात पोरगा कुठं आहे ते मला ठाऊक असतं," एवढेच त्या म्हणतात. कामावर असलेल्या बाईला दोन तास जिवाला घोर नसणे याची किंमत कुठल्याही अहवालात मांडता येत नाही. शिवाय सोडायला-घ्यायला आलेल्या आया मैदानाच्या कडेला बसतात, बोलतात, रेशन कार्डापासून घरातल्या मारहाणीपर्यंत सगळे तिथे निघते. बचत गटाच्या सभेला न येणारी बाई इथे येते. खेळवर्ग मुलांचा असतो, पण त्याच्या कडेला बायकांची पंचायत भरते.

२०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साधारण साडेबारा लाख होती. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. कल्याणमध्ये राहणाऱ्याने आपल्या गल्लीत उभे राहून हा आकडा मनात आणावा. सुभाष मैदान, फडके मैदान ही नावे आम्ही ऐकतो ती खेळापेक्षा सभा, प्रदर्शने आणि महोत्सवांमुळे. दरम्यान इमारतींच्या मधोमध हिरव्या जाळीचे टर्फ उगवले आहेत, तासाच्या भाड्याने. ज्याच्या खिशात पैसे, त्याचा खेळ.

म्हणून आमचे म्हणणे चार मुद्द्यांत आहे.

पहिला, महापालिकेच्या प्रत्येक शाळेचे पटांगण शाळा सुटल्यावर सात वाजेपर्यंत वस्तीच्या मुलांना खुले करा. दिवा, पाणी, स्वच्छतागृह आणि रखवालदार यांसह. नवीन जमीन लागत नाही, फक्त कुलूप काढायचे आहे.

दुसरा, प्रशिक्षक वस्तीतलाच हवा आणि त्याला मानधन महापालिकेच्या अर्थसंकल्पातून मिळाले पाहिजे. कंपन्या तीन महिने टी-शर्ट वाटतात, फोटो काढतात आणि निघून जातात. मुले चौथ्या महिन्यात पुन्हा कट्ट्यावर. सोलापूरच्या वसतिगृहाला तिथल्या नगरपालिकेने अनुदानाचा हात दिला होता. गुलाम देशातली नगरपालिका जे करू शकली, ते स्वतंत्र देशातल्या महापालिकेला जड जाऊ नये.

तिसरा, मुलींसाठी राखीव वेळ आणि महिला प्रशिक्षक. आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवायचे नाही. थोरली मुलगी घरात दुसरी आई असते. भावंडाला बसायला सतरंजी नसेल तर ती खेळायला येणारच नाही, आणि मग आपण म्हणणार की मुलींना आवडच नाही.

चौथा मुद्दा आपल्यासाठी आहे. मैदान सभा-महोत्सवांनी अडते तेव्हा त्यात आपलेही कार्यक्रम असतात. जयंतीला डीजेवर जो पैसा जातो, त्यात एका वस्तीच्या मुलांचे वर्षभराचे बूट, चेंडू आणि रोजची केळी-चणे होतात. प्रत्येक बुद्धविहाराने एक संध्याकाळचा संघ आणि त्याला जोडून एक पुस्तकांचे कपाट सांभाळायचे ठरवले, तर हितकारिणी सभेची जोडी पुन्हा जमते.

यातली सगळी मुले खेळाडू होणार नाहीत. होऊही नयेत. शंभरातली नव्याण्णव शिक्षिका, वायरमन, नर्स, कारकून, दुकानदार होतील. पण हरल्यावर पुन्हा उभे राहणे, पंचाचा निर्णय चुकला तर शिस्तीत दाद मागणे, वेगळ्या जातीच्या आणि धर्माच्या मुलाला चेंडू पास करणे, हे त्यांनी अंगातून शिकलेले असेल. समता, स्वातंत्र्य आणि बंधुता यांपैकी बंधुता पाठ करून येत नाही. ती एकाच संघात खेळून, एकाच हंड्यातले पाणी पिऊन येते. बाळूंना मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा देणाऱ्यांनी क्रिकेट शिकले होते, बंधुता शिकली नव्हती.

तेव्हा पुढच्या बैठकीत कुणी म्हणाले की बाबासाहेबांनी पुस्तक दिले, बॅट नाही, तर त्याला शांतपणे सांगा: पुस्तक दिले, वसतिगृह दिले आणि हॉकी स्टिकही दिली. तिन्ही गोष्टी एकाच सभेच्या कामात होत्या. त्यातली एक आपण विसरलो. ती परत मागायला महापालिकेच्या दारात जायचे आहे, आणि दारात जाण्याआधी आपल्या विहाराचे अंगण मुलांसाठी मोकळे करायचे आहे.

जय भीम!